मोजा, पण आत जाता जाता

गेल्या जुलैमधली गोष्ट आहे. आंतर-हाउस फुटबॉलचे सामने चार दिवसांवर आले होते आणि संध्याकाळच्या गेम्स पीरियडला आमच्या हाउसचा सराव चालू होता. पाऊस नव्हता. मैदानावर चक्क ऊन होतं. फक्त भेडाघाटच्या बाजूचं आकाश काळंनिळं झालं होतं. तिकडे वीज चमकली. मी हाउस कॅप्टन, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला लागलो. चोविसाव्या सेकंदाला गडगडलं. चोवीस भागिले तीन, आठ. "आठ किलोमीटर लांब आहे. खेळा," मी म्हणालो.

सहावीतला एक ज्युनिअर बाहेर गेलेला बॉल आणून देत होता. तो जवळ येऊन म्हणाला, "सर, आत जायचं का?" मी हसलो. मी हसलो म्हणून बाकीचेही हसले. तो गप्प होऊन परत रेषेबाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या वेळी एकवीस मोजले. म्हणजे सात किलोमीटर. आपलं गणित कसं बरोबर चाललंय याचा मला उलट अभिमानच वाटला. तिसऱ्या वेळी मोजायला वेळच मिळाला नाही. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं आणि त्याच क्षणी असा कडकडाट झाला की आमच्यातले दोघं-तिघं आपोआप खाली बसले. मैदानाच्या कुंपणापलीकडे एक उंच निलगिरी आहे. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तिची साल पट्टी काढावी तशी सोलून निघाली होती. माझ्यापासून ती फार तर दीडशे पावलांवर होती. तोवर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

कोणाला काही झालं नाही. आम्ही धावत हॉस्टेलमध्ये आलो. पलीकडच्या मैदानावरून उस्तादही बाकीच्यांना घेऊन आले. ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कॅप्टन, कितना गिना था?"

"इक्कीस, उस्ताद."

"तो सात किलोमीटर वाली कौन सी थी, और ये वाली कौन सी?"

त्या वेळी मी काहीच बोललो नाही. आता बोलतो. या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, आपण जे मोजतो ते बरोबर आहे. दोन, आपण त्याचा उपयोग चुकीच्या कामासाठी करतो.

आधी बरोबर काय आहे ते. विजेचा प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपल्यापर्यंत तो जवळजवळ लगेच पोचतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर चालतो. म्हणून एक किलोमीटरला त्याला साधारण तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं. घड्याळ नसेल तर आपल्यासारख्यांना एक सोपी युक्ती आहे. तेज चालीत मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला दोन. त्याच तालात मनातल्या मनात कदमताल करायची. सहा पावलं म्हणजे एक किलोमीटर. परेडवर रोज घोटलेला ताल आहे, तो सहसा चुकत नाही.

ही युक्ती तोफखान्याच्याही कामाची आहे. १७३८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं रात्री तोफा डागून, झोत दिसणं आणि आवाज येणं यांतला वेळ मोजून आवाजाचा वेग काढला होता. आपल्या देशातही असा प्रयोग झाला आहे. मद्रासच्या वेधशाळेतले गोल्डिंगहॅम यांनी १८२० च्या सुमारास सेंट जॉर्ज किल्ल्यावरच्या आणि सेंट थॉमस माउंटवरच्या तोफांचे आवाज वेधशाळेत बसून टिपले. या तोफा रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी उडायच्या. इतरांनी त्यावर घड्याळं लावली असतील, त्यांनी आवाजाचा वेग काढला. वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत तो वेग थोडा बदलतो हेही त्यांना दिसलं.

तो का बदलतो हे आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. शून्य अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमान एक अंशानं वाढलं की तो सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. जबलपूरमध्ये जानेवारीच्या सकाळी दहा अंश असतील तर ३३७, आणि मे महिन्यात बेचाळीस अंश असतील तर ३५६. मी त्या संध्याकाळचं गणित नंतर नीट करून पाहिलं. तापमान तीस अंश धरलं तर चोवीस सेकंदांत आवाज ८.४ किलोमीटर जातो. मी आठ म्हणालो होतो. म्हणजे माझी चूक जेमतेम चारशे मीटरची होती. इतकं बरोबर मोजून मी जवळजवळ वीस मुलांना उघड्या मैदानावर उभं ठेवलं होतं.

मग चुकलं कुठे? उस्तादांच्या प्रश्नातच ते आहे. माझा आकडा पडून गेलेल्या विजेचा होता. पुढची वीज कुठे पडणार याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. मला वाटत होतं की वीज एखाद्या माणसासारखी पायवाटेनं चालत येते, आधी आठवर, मग सातवर, मग सहावर, आणि ती दोनवर आली की आपण निघू. प्रत्यक्षात एकाच ढगातून एक वीज सात किलोमीटरवर आणि दुसरी आपल्या डोक्यावर पडू शकते. पाऊस जिथे पडतोय तिथून दहा-दहा किलोमीटर बाजूला, वर ऊन असतानाही ती पडते. शिवाय नवा ढग तयार व्हायला फार वेळ लागत नाही. आणि वादळ ताशी चाळीस किलोमीटरनं सरकत असेल तर आठ किलोमीटर यायला त्याला बाराच मिनिटं लागतात. आमचा पीरियड चाळीस मिनिटांचा असतो.

दुसरी अडचण अशी की आकडा अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. एका माणसानं मोजलं तर वर्तुळ मिळतं, जागा मिळत नाही. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग या शास्त्रज्ञानं ब्रिटिश सैन्यासाठी शत्रूच्या लपलेल्या तोफा आवाजावरून शोधायची पद्धत बसवली. याच ब्रॅगना १९१५ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळालं होतं. त्यांनीसुद्धा एका कानावर भरवसा ठेवला नाही. ठरावीक अंतरावर बरेच मायक्रोफोन मांडले आणि आवाज कुठे किती आधी पोचला यातल्या फरकावरून तोफेची जागा काढली. मी मैदानाच्या मधोमध उभा राहून एकट्याच्या दोन कानांनी तेच करायला निघालो होतो.

तिसरी अडचण मोजण्यातलीच आहे. लांबची एकच वीज असेल तर मोजणं सोपं. पण वादळ ऐन भरात असताना दर दोन-चार सेकंदांनी चमकतं. मग कोणता गडगडाट कोणत्या चमकेचा हे कसं ठरवायचं? आधीच्या चमकेचा आवाज नंतरच्या चमकेला जोडला की आकडा भलताच निघतो. म्हणजे वादळ जितकं धोक्याचं, तितकी ही मोजणी कमी विश्वासाची.

आणखी एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. गडगडाट फार लांबवर ऐकू येत नाही. वरची हवा थंड असल्यामुळे आवाज वर वळतो आणि साधारण पंधरा किलोमीटरपलीकडचा गडगडाट बहुतेक वेळा आपल्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून रात्री भेडाघाटच्या पलीकडे नुसतं लखलखताना दिसतं आणि आवाज येत नाही. याचा अर्थ सरळ आहे. गडगडाट ऐकू आला, याचाच अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत किंवा थोड्या वेळात येणार आहोत. हे कळायला एकही सेकंद मोजावा लागत नाही.

आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनांमध्ये '३०-३०' चा नियम सांगतात. चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर लगेच पक्क्या इमारतीत जा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं बाहेर पडू नका. तीस सेकंद म्हणजे साधारण दहा किलोमीटर. माझे चोवीस होते. म्हणजे ज्या आकड्यावर मी 'खेळा' म्हणालो, तो आकडा खरं तर 'पळा' सांगत होता. आकडा मला पाठ होता, त्याचा अर्थ नव्हता.

आता माझं मत. आपण सगळे, आणि विशेषतः आम्ही सीनिअर, ही मोजणी परवानगीसारखी वापरतो. आठ किलोमीटर आहे ना, मग अजून एक गोल. पाच आहे ना, मग हा राउंड पुरा करू. मला वाटतं, हे बंद झालं पाहिजे. मोजायचं असेल तर आत जाता जाता मोजा, किंवा आत गेल्यावर खिडकीतून मोजा. बाहेर थांबण्यासाठी मोजू नका.

यावर दोन आक्षेप येतात. ते मी मित्रांकडून ऐकले आहेत आणि खरं सांगायचं तर पूर्वी मीच ते घेतले असते.

पहिला असा की आपण फौजेत जायला निघालोय, विजेला घाबरून आत पळणार का? युद्धात पाऊस पाहून कोणी थांबतं का? मला हा आक्षेप आता पटत नाही. जवान धोका पत्करतो तो कामासाठी. आमच्या त्या संध्याकाळी काय काम होतं? फुटबॉलचा सराव. आणि फौज स्वतः विजेची थट्टा करत नाही. दारूगोळ्याच्या कोठारांवर तडितरक्षक बसवलेले असतात आणि विजा कडाडायला लागल्या की स्फोटकं हाताळायचं काम थांबवतात. आपलं जबलपूर तर तोफांचं आणि दारूगोळ्याचं शहर आहे. १९०४ पासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि खमरियाला दारूगोळा बनतो. इथल्या पालकांपैकी ज्यांनी या कारखान्यांत नोकरी केली आहे त्यांना विचारा, नियम पाळणाऱ्याला तिथे कोणी भित्रा म्हणतं का.

दुसरा आक्षेप असा की जुलै-ऑगस्टमध्ये रोजच गडगडतं, असं रोज आत गेलो तर गेम्स कधी होणार? हे काही अंशी खरं आहे. काही पीरियड बुडतील. पण मोजून पाहिलं तर नुकसान वाटतं तेवढं नाही. बुडाला तर एक पीरियड बुडतो, तो रविवारी भरून काढता येतो. दुसऱ्या बाजूला काय आहे तेही पाहायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, आणि सगळ्यांत जास्त आपण राहतो त्या मध्य प्रदेशात. ११ जुलै २०२१ ला जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या बुरुजावर पाऊस बघायला आणि फोटो काढायला चढलेल्या लोकांवर वीज पडली आणि ११ जण गेले. ती माणसं काही धाडस करत नव्हती. ती आमच्यासारखीच 'अजून थोडा वेळ' थांबली होती.

माझं गाव अमरावती जिल्ह्यात वरुडकडे आहे. आबाजींनी आयुष्यभर शेती केली. त्यांनी कधी सेकंद मोजले नाहीत. "ढग बोलला की वखर सोडायचा," एवढाच त्यांचा नियम. ते लहान असताना वळवाच्या पावसात शेजाऱ्यांची बैलजोडी निंबाखाली बांधलेली असताना गेली, तेव्हापासूनचा. सुट्टीत गेलो की मी त्यांना तीनने भागायचं शिकवायचो आणि ते कौतुकानं ऐकून घ्यायचे. या दिवाळीत मी त्यांना निलगिरीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तुझं गणित चांगलं आहे रे. पण ते घरात बसून करायचं." हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं तर हा लेख इतका लांबला नसता.

आता सूचना. आपल्या कमांडंट साहेबांना आणि उस्तादांना माझी नम्र विनंती आहे की त्यांनी या तीन गोष्टींचा विचार करावा.

पहिली, पहिला गडगडाट ऐकला की मैदान, पोहण्याचा तलाव आणि ऑब्स्टॅकल कोर्स रिकामा करायचा. आकडा कितीही असो. आत म्हणजे पक्क्या इमारतीत. मैदानाकडेचा उघडा पॅव्हेलियन, तंबू किंवा झाडाखालची जागा चालणार नाही. आपली बस पूर्ण बंद धातूची आहे, ती चालेल. तिरपालाचा ट्रक चालणार नाही. ध्वजस्तंभ, गोलपोस्ट आणि तारेचं कुंपण यांच्यापासून लांब राहायचं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटांनीच परत बाहेर, आणि ही वेळ ड्यूटी कॅडेटनं वहीत लिहायची, म्हणजे घाई करणाऱ्यांना वाद घालता येणार नाही.

दुसरी सूचना मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आत जाण्याची हाक कोणीही देऊ शकेल. फायरिंग रेंजवर आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं की धोका दिसला तर कोणीही फायर थांबवायला ओरडू शकतो. तिथे तो सहावीतला आहे की बारावीतला हे कोणी पाहत नाही. मग मैदानावर का पाहतो? त्या दिवशी अख्ख्या मैदानावर बरोबर बोलणारा एकच कॅडेट होता आणि तो सगळ्यांत लहान होता. त्यानं हुकूम मोडला नाही, नुसतं विचारलं, आणि मी त्याला हसलो. तो पुढच्या वेळी विचारणार नाही, ही मला त्या पडलेल्या विजेपेक्षा मोठी भीती वाटते. म्हणून नियम असा हवा की ज्युनिअरनं 'वीज' म्हटलं की सीनिअरनं आधी आत जायचं आणि प्रश्न नंतर विचारायचे. हाक चुकीची निघाली, तो खमरियाच्या तोफेचा आवाज निघाला, तरी हाक देणाऱ्याला शिक्षा नाही आणि त्याची थट्टाही नाही.

तिसरी, मोजणी सोडून देऊ नका, तिला योग्य जागी बसवा. तिन्ही हॉस्टेलच्या बंद व्हरांड्यांत एकेक वही ठेवता येईल. चमक कधी दिसली, आवाज किती सेकंदांनी आला, कोणत्या दिशेला. तीन जागांचे आकडे नकाशावर कंपासनं मांडले की तीन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील तिथे ती वीज. ब्रॅगचं काम आपण प्रयोगवहीत करू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' अ‍ॅपही देशभरातल्या सेन्सरच्या जाळ्यावरच चालतं आणि आसपास वीज पडत असेल तर इशारा देतं. आम्हा कॅडेट्सजवळ मोबाईल नसतात, पण उस्तादांजवळ असतात. गेम्सच्या आधी एकदा ते पाहिलं तर बरं होईल.

पालकांनाही एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांची घरं शेतावर आहेत. 'दामिनी' आपल्याही मोबाईलमध्ये असू द्या आणि झाडाखाली थांबू नका. आणि कोणाला वीज लागलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर सुरू करा आणि १०८ ला फोन करा. एनसीसीच्या वर्गात आपण सगळे ते शिकलो आहोत, सुट्टीत घरच्यांनाही शिकवू या.

निलगिरी अजून उभी आहे. सालीचा पट्टा गेला तिथे खोड पांढरं दिसतं. त्या ज्युनिअरची मी दुसऱ्याच दिवशी मेसमध्ये माफी मागितली. त्याला सगळ्यांसमोर हसलो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. तो लाजून नुसता "नाही सर, नाही सर" म्हणत राहिला. मागच्या आठवड्यात पुन्हा गडगडलं, तेव्हा मैदानावर पहिली हाक त्याचीच होती. आम्ही सगळे आत आलो. मग खिडकीशी उभं राहून त्यानं मोजलं. बेचाळीस पावलं, म्हणजे सात किलोमीटर. तोच आकडा, फक्त या वेळी आम्ही आत होतो.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी